बाक शाळेचा, मग टॅब आमचा का?

मुंबईतल्या खासगी विनाअनुदानित शाळांचे विश्वस्त आणि मुख्याध्यापक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी विक्रोळीला राहते. फोर्टमधल्या एका ऑफिसात अकाउंट्सचं काम करते. मुलगी सातवीत आहे, मुलगा तिसरीत. दोघंही एकाच इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. शाळेचं नाव मी लिहीत नाही, कारण माझं म्हणणं त्या एका शाळेपुरतं नाही. ऑफिसात डबा खाताना आम्ही चौघी बसतो. एक बोरिवलीची, एक मुलुंडची, एक चेंबूरची. चौघींच्याही फोनवर तेच सर्क्युलर येऊन गेलंय. फक्त रकमा वेगळ्या आहेत.

आमचं सर्क्युलर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शाळेच्या ॲपवर आलं. रात्रीचे पावणेदहा झाले होते, मी भांडी घासत होते. सहावीपासून पुढच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडे जूनपासून स्वतःचा टॅब असणं अनिवार्य. मॉडेल शाळेनं ठरवलेलं, दुकानदार शाळेनं ठरवलेला. त्याबरोबर कव्हर, कीबोर्ड, तीन वर्षांचा विमा आणि अभ्यासाच्या ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन. सगळं मिळून ३८,६०० रुपये, १५ मेच्या आत. घरात आधीच टॅब किंवा लॅपटॉप असेल तर तो चालणार नाही, हेही ठळक अक्षरात होतं.

ज्यांच्या घरी महिन्याचा हिशेब वहीत लिहिला जातो, त्यांना मार्च ते जून हे महिने कसे जातात ते वेगळं सांगायला नको. पहिल्या टर्मची फी, बसचे पैसे, पुस्तकं, वह्या, वाढलेल्या मुलांचे नवे गणवेश, बूट आणि जून तोंडावर आला की रेनकोट. हे सगळं आम्ही वर्षभर थोडं थोडं बाजूला काढून भागवतो. ३८,६०० रुपये आमच्या कुठल्याच डब्यात नव्हते. शेवटी यजमानांच्या कंपनीतल्या पतपेढीचं कर्ज काढलं. त्याचा हप्ता अजून त्यांच्या पगारातून कापला जातो.

आम्ही कर्ज तरी काढू शकलो. हे पत्र लिहायचं कारण वेगळं आहे.

एप्रिलमध्ये शाळेच्या हॉलमध्ये पालकांची मीटिंग होती. स्टेजवर कंपनीचा माणूस पडद्यावर टॅबची माहिती देत होता. हॉलच्या मागच्या बाजूला दोन टेबलं लावली होती. एकावर विक्रेत्याची माणसं, दुसऱ्यावर ईएमआय करून देणारे. माझ्या शेजारी एक ताई बसल्या होत्या. त्यांचा मुलगा आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांमधून, पहिलीपासून या शाळेत आहे. त्या घरकाम करतात. दोन घरची कामं पुढे ढकलून आल्या होत्या. त्यांनी मला अगदी हळू आवाजात विचारलं, "हे आमच्यासाठीपण आहे का हो?" मी उठून माइकवर विचारलं. उत्तर आलं, "त्या मुलांचं आपण वेगळं बघू." पुढचा प्रश्न घेतला गेला. ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत बसल्या होत्या. मीटिंग संपल्यावर त्या टेबलांच्या दिशेला न वळता बाजूच्या दारानं निघून गेल्या.

जून उजाडला. वेगळं काही बघितलं गेलं नाही. ज्यांच्याकडे टॅब नाही त्यांना टॅब असलेल्या मुलाशेजारी बसवायचं ठरलं. त्या ताईंचा मुलगा माझ्या मुलीच्या बाकावर आला. पंधरा दिवसांनी केस विंचरून घेताना मुलगी मला म्हणाली, "मम्मी, तो कधी पान उलट म्हणत नाही. मी उलटलं की बघतो."

तेरा वर्षांचा मुलगा आहे तो. धडा त्याचा वाचून झालेला असतो किंवा नसतो, पण तो बोलत नाही, कारण वस्तू दुसऱ्याची आहे हे त्याला रोज, प्रत्येक तासाला कळत असतं. माझ्या मुलीचा यात काही दोष नाही, वर्गशिक्षिकांचाही नाही. त्या बाई स्वतः मधल्या सुट्टीत आपला फोन या मुलांना देतात, हे मी बघितलं आहे. पण पहिलीपासून एकाच गणवेशात, एकाच बाकावर वाढलेली मुलं सातवीत आल्यावर टॅबवाली आणि बिनटॅबवाली झाली, आणि ही विभागणी शाळेच्या एका सर्क्युलरनं केली.

माझं म्हणणं साधं आहे. जी वस्तू नसेल तर वर्गात शिकताच येत नाही, ती शाळेचं साहित्य आहे. बाक शाळेचा असतो. फळा, खडू, पंखा शाळेचा असतो. प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक शाळेचा असतो. सातवीला पेशी शिकवायची म्हणून कुणी आईबापांना सूक्ष्मदर्शक आणायला सांगत नाही. टॅबशिवाय तास चालणार नाही असं तुम्हीच ठरवलं असेल, तर टॅब त्याच रांगेत बसतो. तो शाळेनं घ्यावा, शाळेच्या कपाटात ठेवावा, तास संपला की मोजून परत घ्यावा. त्याचा खर्च फीमध्ये धरायचा असेल तर धरा, पण फी ठरवायच्या रीतसर वाटेनं धरा.

मीटिंगमध्ये एका ट्रस्टींनी सांगितलं की कंपासपेटीसुद्धा मुलंच आणतात. हा मुद्दा मी घरी येऊन पुष्कळ वेळ डोक्यात घोळवला, कारण ऐकताना तो बरोबर वाटला होता. पण कंपासपेटी शंभर-दीडशे रुपयांची असते. ती कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून घेता येते, कुठल्याही कंपनीची चालते आणि मोठ्या बहिणीची धाकट्या भावाला चालते. आमच्यासारख्या घरांमध्ये शिक्षण या शेवटच्या गोष्टीवर चालतं. मुलीचा स्वेटर मुलाला होतो, तिची पुस्तकं कव्हर बदलून शेजारच्या मुलीकडे जातात, अर्ध्या उरलेल्या वह्यांची पानं शिवून आम्ही रफ वही करतो. या टॅबचं तसं होत नाही. मुलगा सहावीत जाईल तेव्हा हे मॉडेल बंद झालेलं असेल, आणि मॉडेल चाललंच तरी ॲपचं सबस्क्रिप्शन मुलीच्या नावावर आहे. म्हणजे तीन वर्षांनी पुन्हा पतपेढी.

आणि आम्ही घेतलेली ही वस्तू आमची तरी आहे का? सप्टेंबरमध्ये टॅब पडला. आमच्या घरात चार्जिंगला एकच सोयीचा प्लग आहे, ओट्याच्या कडेला, मिक्सरच्या शेजारी. मुलानं वायर ओढली आणि काच एका कोपऱ्यातून आडवी तडकली. विमा आहे म्हणून मी निर्धास्त होते. विक्रेत्यानं सांगितलं, काच फुटली तर निम्मे पैसे ग्राहकाचे आणि वेळ लागेल तीन आठवडे. म्हणून शनिवारी अर्ध्या दिवसानंतर मी तो घेऊन ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडवर गेले. तिथल्या एका गाळ्यातल्या मुलानं टॅब उलटसुलट करून बघितला, चालू केला आणि मला परत दिला. म्हणाला, "ताई, काच बदलतो मी, पण यावर शाळेचं लॉक आहे. काम करताना रीसेट करायला लागला तर ते लॉक शाळाच उघडणार. नंतर मला बोलू नका."

बिल माझ्या नावावर आहे, हप्ता आमच्या पगारातून जातो आणि किल्ली शाळेकडे आहे. मुलं वर्गात गेम खेळू नयेत म्हणून लॉक लागतं, हे मला पटतं. मग लॉक लावणाऱ्यानं वस्तूही घ्यावी. तीन आठवडे टॅब दुरुस्तीला होता तेव्हा माझ्या मुलीच्या नावापुढे ॲपमध्ये लाल अक्षरात 'नॉट सबमिटेड' येत राहिलं. तिनं सगळा गृहपाठ वहीत केलेला होता. वही दाखवायला ती उभी राहिली तर तिला सांगितलं गेलं की गुण ॲपवरच भरले जातात.

त्या टॅबवर होतं काय, हेही मी एक आठवडा नीट बघितलं. सात गृहपाठ आले. त्यातले पाच असे होते: वहीत लिहा, पानाचा फोटो काढा, अपलोड करा. ३८,६०० रुपयांच्या वस्तूनं आठवड्यातून पाच वेळा वहीचे फोटो काढले. एक गृहपाठ प्रश्नमंजूषेचा होता. आणि एक खरंच सुंदर होता: चंद्राची सावली पृथ्वीवर सरकताना दाखवणारं चलचित्र. ग्रहण खग्रास कधी आणि खंडग्रास कधी हे त्यावर तिला दोन मिनिटांत उमगलं, आणि तिच्या खांद्यावरून बघताना मलाही. असं काही असेल तर मी त्याच्या बाजूची आहे. पण ते चलचित्र वर्गातल्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना एकदम दाखवता आलं असतं, त्या ताईंच्या मुलालासुद्धा.

ही मुलं दहावीला पोचतील तेव्हा तीन तास कागदावर पेननं लिहिणार आहेत. बोर्ड कुठलंही असो, आज लेखी परीक्षा कागदावर आहे. माझ्या मुलीचं अक्षर यंदा बिघडलं आहे आणि लिहिण्याचा वेग कमी झाला आहे. ही एका आईची नोंद आहे, त्याहून जास्त मी तिचं काही करत नाही. पण युनेस्कोनं २०२३ साली शिक्षणातल्या तंत्रज्ञानावर जो जागतिक अहवाल काढला, त्यात स्पष्ट म्हटलं आहे की या साधनांचा शिकण्यावर काय परिणाम होतो याचा चांगला, निःपक्षपाती पुरावा फार थोडा आहे. त्यात पेरू देशाचं उदाहरण आहे. तिथे दहा लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले गेले, पण शिकवण्याच्या पद्धतीत ते गुंफले गेले नाहीत आणि मुलांच्या शिकण्यात सुधारणा झाली नाही. तिथे निदान वाटले होते. आपण विकतो आहोत.

आता कायद्याबद्दल. मी वकील नाही, पण अकाउंट्सवाली आहे. कागद वाचायची सवय आहे.

आपल्या राज्यात महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ लागू आहे. शाळेची फी व्यवस्थापनानं एकट्यानं ठरवायची नसते. पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते, तिच्यात प्रत्येक इयत्तेतून एक पालक चिठ्ठ्या टाकून निवडला जातो आणि पुढच्या वर्षीच्या फीचा प्रस्ताव शाळेनं नवं वर्ष सुरू व्हायच्या किमान सहा महिने आधी, हिशेबाच्या कागदांसकट, या समितीपुढे ठेवायचा असतो. सहा महिने. आम्हाला मार्चच्या शेवटी कळलं आणि मेच्या मध्याला पैसे भरायचे होते. त्या कायद्यात फीची व्याख्याही मोकळी आहे. नाव कुठलंही दिलं आणि रक्कम थेट घेतली किंवा आडून घेतली, तरी तिचा विचार होतो. टॅबचे पैसे शाळेच्या खात्यात न येता विक्रेत्याच्या खात्यात गेले म्हणून ते फीबाहेरचे झाले, असं तुमचे सल्लागार सांगत असतील. तुम्ही मात्र स्वतःला एवढंच विचारा: पैसे न भरता मूल त्या तासाला नीट बसू शकतं का? नसेल, तर पालकाच्या दृष्टीनं ती फीच आहे.

सीबीएसईनं एप्रिल २०१७ मध्ये आपल्या शाळांना परिपत्रक काढून बजावलं होतं की शाळा हे दुकान नाही आणि पुस्तकं, वह्या, गणवेश ठरावीक विक्रेत्याकडूनच घ्यायची सक्ती पालकांवर करू नये. तेव्हा वाद बुटांचा आणि वह्यांचा होता. वहीच्या जागी आता टॅब आला आहे, सक्ती तीच आहे. सरकारही या दोन वस्तूंमध्ये फरक करतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वहीवर जीएसटी शून्य आहे, टॅबवर १८ टक्के. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत ट्यूशन फीची वजावट मिळते, टॅबच्या बिलाची मिळत नाही. शाळेनं सक्तीची केलेली वस्तू बाजाराच्या लेखी चैनीचीच राहते आणि तो भुर्दंड आमच्यावर पडतो.

आरटीईच्या मुलांबाबत तर एवढ्या चर्चेचीही गरज पडू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये म्हटलं आहे की प्राथमिक शिक्षण पूर्ण करण्यात आड येईल अशी कुठलीही फी किंवा खर्च मुलावर लादता येणार नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं १८ सप्टेंबर २०२० ला, ऑनलाइन वर्गांच्या काळात, असा निकाल दिला होता की शाळा ऑनलाइन शिकवत असेल तर दुर्बल घटकांतल्या मुलांना साधन आणि इंटरनेट शाळेनं पुरवावं आणि खासगी शाळांनी तो वाजवी खर्च सरकारकडून परत मागावा. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली, हेही मी लपवत नाही. पण स्थगिती आली म्हणून त्या मुलाचा प्रश्न सुटला नाही. आणि आपल्याच शहरात, महापालिकेनं २०१५ मध्ये आपल्या शाळांतल्या आठवीच्या मुलांना टॅब दिले, तेव्हा पैसे आईबापांकडे मागितले नव्हते.

तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर पालक बोलले का नाहीत. आमच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या रात्री साडेअकरापर्यंत मेसेज येत होते. 'हे अति आहे', 'सगळे मिळून भेटू या', 'मी तयार आहे'. सकाळी सात वाजता एकानं पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट टाकला. दुपारपर्यंत अकरा स्क्रीनशॉट आले. मी कुणाला दोष देत नाही, संध्याकाळी मीही चौकशीचा फोन केला. आपलं मूल दिवसातले सहा-सात तास तुमच्या ताब्यात असतं. तुम्ही आकस धराल असं आम्ही मानतो असं नाही, पण आकस धरला तर आपण काय करणार, हा विचार येतोच, आणि तो आला की माणूस गप्प बसतो. त्यात फीच्या कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर विभागीय शुल्क नियामक समितीकडे तक्रार न्यायची तर २५ टक्के पालक एकत्र लागतात. दिवसभर लोकलमध्ये आणि नोकरीत अडकलेल्या माणसांनी ते २५ टक्के जमवायचे कधी? आमच्या गप्प बसण्याला संमती समजू नका, एवढंच हात जोडून सांगते.

तुमच्याही अडचणी मला ठाऊक आहेत. मी रोज ताळेबंद बघते. मुंबईत जागेचं भाडं, शिक्षकांचे पगार, आरटीईच्या मुलांच्या फीपोटी सरकारकडून वेळेवर न येणारे पैसे, हे सगळं खरं आहे. पण प्रत्येक मुलामागे एक टॅब लागतो हा हिशेबच मला पटत नाही. आमच्या मुलीच्या वेळापत्रकात टॅबचे तास आठवड्याला नऊ आहेत. सातवीच्या तीन तुकड्या आहेत. वेळापत्रक थोडं हलवलं तर चाळीस टॅबचा एकच संच तिन्ही तुकड्यांना पुरतो. आज त्या तीन तुकड्यांच्या घरांमध्ये मिळून शंभरावर टॅब पडून आहेत, आणि आठवड्यातल्या बहुतेक तासांना ते दप्तरातलं नुसतं ओझं आहेत. चाळीस टॅब शाळेच्या नावावर घेतले, खर्च तीन वर्षांत विभागला आणि फीच्या प्रस्तावात एक ओळ म्हणून उघड दाखवला, तर प्रत्येक घरावर किती पडेल ते तुमचा अकाउंटंट पाच मिनिटांत काढून देईल. हवं तर मी काढून देते.

पुढच्या वर्षीचा फीचा प्रस्ताव कार्यकारी समितीपुढे जायची वेळ जवळ आली आहे. त्यात टॅबची ओळ असू द्या; मॉडेल का निवडलं, दुकानदार कसा ठरला, ॲपला किती पैसे जातात आणि मुलांची माहिती कुणाकडे राहते, हे त्या ओळीखाली लिहा. ज्यांच्या घरी चालणारा टॅब किंवा लॅपटॉप आधीच आहे, त्यांना तो वापरू द्या. वहीत केलेला गृहपाठ वहीत तपासा आणि त्याचे गुण द्या.

हे सगळं व्हायला वेळ लागेल, ते मी समजू शकते. एक गोष्ट मात्र या सोमवारी होऊ शकते. आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये डेमोसाठी आलेले सहा टॅब काचेच्या कपाटात ठेवलेले आहेत. ओपन हाउसच्या दिवशी मी ते पाहिले. तुमच्याही शाळांमध्ये असे असतील. ते बाहेर काढा आणि ज्या मुलांना दुसऱ्यानं पान उलटायची वाट बघावी लागते, त्यांच्या हातात द्या.

आपली नम्र,
एक पालक, विक्रोळी